सरळ नाडीचे दिवस

दवाखान्याचं आतलं दार उघडायच्या आधीच बाहेरच्या खोलीतली दोन्ही बाकं भरलेली असायची. खिडकीतून तिरपं ऊन आत आलेलं असायचं, आणि त्या उन्हात म्हातारी माणसं डावा तळहात वर करून, उजव्या हाताची तीन बोटं मनगटावर टेकवून, डोळे मिटून बसलेली असायची. कुणी बोलायचं नाही. नवख्याला वाटावं, इथे प्रार्थना चालली आहे. मग एकेक जण डोळे उघडायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "काय, सरळ का वाकडी?"

"माझी सरळ. तुमची?"

"माझी सरळ, सुनेची वाकडी."

यावर हशा व्हायचा. विनोद रोज तोच, हशाही रोज तोच. आपण ज्या घरात बसलोय त्या घरची सून आतल्या लहान खोलीतून हे ऐकते आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिला अजून कुणी जमेत धरत नसे.

ही सून स्वतः डॉक्टर होती. लोक तिला धाकट्या बाई म्हणत, घरात ती नुसती धाकटी. मोठे डॉक्टर म्हणजे तिचे सासरे. खाली दवाखाना, वर घर. नवरा पूल बांधायच्या कामावर, महिन्यातून एखाद्या सुट्टीला उगवायचा. सासऱ्यांना जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा धाकटीने मोठ्या हॉस्पिटलातली हृदयविभागाची नोकरी सोडली आणि ती आतल्या लहान खोलीत येऊन बसली. पहिल्याच आठवड्यात तिने बाकावरची ती मिटलेल्या डोळ्यांची रांग पाहिली, आणि चौकशी केल्यावर तिला कारण कळलं.

ही सगळी मंडळी एकाच दुखण्याची होती. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरत राहतो आणि नाडीचा ताल सुटतो. कधी चार ठोके भराभर, कधी मधलाच एक गाळलेला. काहींचं हे कायमचं असतं, काहींचं येऊन-जाऊन. दुखत काहीच नाही. पण थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती एखाद्या दिवशी सुटून मेंदूकडे जाते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायची. वय, रक्तदाब, साखर हे सगळं बघून धोका मोठा दिसला की ती रोज घ्यायची, न चुकता, जन्मभर. आज नाडी सरळ आहे का वाकडी याच्याशी गोळीचा संबंध नाही. पुष्कळ डॉक्टरांनी पुष्कळ पेशंट पाहून, वाद घालून ठरवलेली ही पद्धत, आणि धाकटीला ती तोंडपाठ होती.

मोठ्या डॉक्टरांनी मात्र आपली वेगळीच पद्धत बसवली होती. त्यांच्या बोटांची आसपास ख्याती होती. मनगट धरून ते पेशंटला सांगत, रात्री झोप झाली नाही ना, आणि ते खरं निघे. त्यांनी या मंडळींना नाडी बघायला शिकवलं, एकेकाचा हात हातात घेऊन, महिनोन् महिने. आणि सांगितलं, वाकडी असेल त्या दिवशी गोळी घ्या. सरळ असेल त्या दिवशी कशाला उगाच रक्त पातळ करता? लोकांना हे पटलं. गोळीची भीती सगळ्यांनाच असते, आणि आपलं औषध आपल्या बोटांनी ठरवायचं यात एक मान होता.

धाकटीने दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर विषय काढला.

"बाबा, गुठळी काही नाडी बघून होत नाही. सरळ दिवशीही होते. झोपेत ताल सुटला आणि पहाटे परत जुळला, तर कुणाच्या बोटांना कळणार?"

सासरे चष्मा पुसत होते. "ती तुमची गाइडलाइन ना? चांगली आहे. मी वाचलीय. पण लिहिणाऱ्यांनी माझ्या एका तरी पेशंटचा हात धरला होता का, एवढंच सांग."

"हजारोंचे धरलेत त्यांनी."

"हजारोंचा हात धरता येत नाही, बाळ. एकेकाचाच धरता येतो."

आवाज चढवून बोलणाऱ्याशी भांडता येतं. सासरे कधी आवाज चढवत नसत.

"एक शाळेतल्या बाई होत्या," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मी तुझ्याएवढा होतो. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम गोळी चालू केली. फळ्यावर लिहिता लिहिता पडल्या, पोरांच्या देखत. डोक्यात रक्तस्राव. त्यांना मी मारलं. मी दिलेल्या गोळीनं मारलं. गुठळीनं माणूस जातो तो त्याच्या वयानं जातो, दैवानं जातो. फरक आहे की नाही?"

"जाणाऱ्याला नाही," धाकटी म्हणाली.

ते हसले. "जाणारा दवाखाना चालवत नाही ना. आणि खरं सांग, बाकावरच्या एकाला तरी आजवर काही झालंय?"

धाकटीने त्या दिवसापासून बाकाकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. खिडकीजवळची जागा मोजणीवाल्यांची होती. जमिनी मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, बाकावरही बरोबर मधोमध बसणारे गृहस्थ. एक दिवस ते आले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या जागेवर दुसरं कुणी बसलं. धाकटीने विचारलं तर सासरे म्हणाले, "मुलाकडे गेले ते. बरं केलं. एकटे किती दिवस राहणार?"

खरं काय ते बेकरीवाल्याने सांगितलं. कोपऱ्यावरची बेकरी त्याची. रस्त्यातली प्रत्येक बातमी पावाबरोबर बाहेर पडायची. "मुलाकडे गेले कसले, नेलं त्यांना. अर्धं अंग गेलंय. डावा हात उचलत नाही, तोंडातून लाळ गळते. मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं मी. हळहळले बिचारे. म्हणाले, वय झालं होतं."

धाकटी पावाची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. ज्याला काही होतं तो या बाकावर परत येत नाही. तो दुसऱ्या हॉस्पिटलात जातो, दुसऱ्या गावाला जातो, मातीत जातो. बाकावर उरतात ती ज्यांना काही झालं नाही अशीच माणसं. मग बाकाकडे बघून वाटतं, कुणालाच काही होत नाही. सासरे खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसत होतं तेच ते सांगत होते, आणि हेच तिला जास्त भयंकर वाटलं.

पण तिचा जीव खरा अडकला होता तो वरच्या मजल्यावर.

सासूबाईंनाही हेच दुखणं होतं. मागच्या थंडीत निघालं. वय झालेलं, रक्तदाब जुना, साखर वरचेवर चढलेली. धोक्याच्या हिशेबात त्या बाकावरच्या कुणालाही मागे टाकतील अशा. आणि त्यांच्याशिवाय ते घर म्हणजे नुसत्या भिंती. सासूबाई सकाळी उठल्यापासून बोलायच्या. भांड्यांशी बोलायच्या, रेडिओतल्या माणसाला सुधारायच्या, गॅलरीतून रस्त्यावरच्यांची चौकशी करायच्या. नवऱ्याला त्यांनी 'नाडीसम्राट' अशी पदवी दिली होती. लग्न होऊन आलेल्या धाकटीला, जिची स्वतःची आई ती लहान असतानाच गेली होती, पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "हे बघ, मला सासू व्हायचा अनुभव नाही आणि तुला सून व्हायचा नाही. दोघी मिळून चुकू."

त्या दुपारी धाकटीने मोजणीवाल्यांची हकीकत त्यांना सांगितली. सासूबाई कपडे घडी करत होत्या. घडी करता करता हात थांबला.

"म्हणजे माझंही तसंच होईल?"

"होऊ नये म्हणून तर सांगते. रोज घ्या, आई. नाडी बघूच नका. जेवण झालं की एक गोळी, बस्स."

"आणि सम्राटांना काय सांगायचं? ते रोज सकाळी माझा हात धरतात. म्हणतात, सरळ आहे, आज नको. एवढा एकच वेळ ते माझा हात धरतात गं, तोही बंद करू?"

"हात धरू दे त्यांना. गोळी तुम्ही घ्या."

"म्हणजे चोरून."

"चोरून नको. मी सांगते बाबांना."

"तू काही सांगू नकोस. तुझं ऐकून मी गोळी घेतली म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरेल. इतकी वर्षं काय काय पोटात ठेवलंय, त्यात ही एक गोळी." मग धाकटीकडे रोखून बघत त्या म्हणाल्या, "पण तुझ्या शब्दावर घेते आहे हं. तू घे म्हणशील तोवर घेईन. मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही."

हे वाक्य धाकटीला ओझ्यासारखं वाटलं. तरी त्या रात्रीपासून जेवणं झाली की स्वयंपाकघरात दोघींची नजरानजर व्हायची, सासूबाई पाठ वळवून घोटभर पाणी प्यायच्या आणि मग बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणायच्या, "काय सम्राट, राज्य कसं चाललंय?" सासरे वर्तमानपत्रातून मान वर करायचे नाहीत. धाकटीला निवांत झोप लागायला लागली.

मग तिला धीर आला. बाकावरच्या एकेकाला ती आतल्या खोलीत बोलावून समजावू लागली. बहुतेकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन बोटं मनगटावर ठेवली. कबूल झाला तो एकटा बेकरीवाला. त्याने मोजणीवाल्यांना त्या अवस्थेत डोळ्यांनी पाहिलं होतं. "मला तसं व्हायचं नाही, बाई," तो म्हणाला. "माझी भट्टी कोण बघणार? द्या तुमची रोजची."

मोठ्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुझा पेशंट आहे. तुझ्या जबाबदारीवर."

काही आठवडे बरे गेले. आणि एका सकाळी, बेकरीत गिऱ्हाइकांची गर्दी असताना, बेकरीवाल्याच्या नाकातून रक्त सुरू झालं.

घोळणा फुटणं ही काही मोठी गोष्ट नाही. पण तो भट्टीसमोर वाकलेला होता, पुढ्यात मळलेला पांढरा गोळा होता, अंगात पांढरा ॲप्रन होता. तीन-चार थेंब पिठात पडले, मग धार लागली. त्याने हाताने पुसलं, ते सगळ्या तोंडाला लागलं. कुणीतरी किंचाळलं. लोकांनी त्याला तसाच धरून रस्ता ओलांडून दवाखान्यात आणला, आणि अख्ख्या रस्त्याने ते पाहिलं.

धाकटी पुढे झाली, पण बेकरीवाला तिच्याकडे न बघता मोठ्या डॉक्टरांकडे गेला. ते उठले, त्याला खुर्चीत बसवलं, मान पुढे झुकवून नाकपुड्या दाबून धरल्या आणि शांतपणे इकडचं तिकडचं बोलत राहिले. रक्त थांबायला वेळ लागला. रक्तदाब वर गेलेला निघाला. दोन दिवस त्याने रक्तदाबाच्या गोळ्याच घेतल्या नव्हत्या. कारण तेच होतं, निदान मुख्य तरी तेच. धाकटीला ते दिसत होतं. रक्तदाब खाली आणायचा, रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा चालू ठेवायची, हेही तिला ठाऊक होतं.

बाकावरून आवाज आला, "रोजची घेत होता ना तो?"

"हो ना. धाकट्या बाईंची."

त्या शब्दांत राग नव्हता. एखादी वस्तू कुठल्या दुकानातली ते सांगावं तसं ते होतं. सासऱ्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले. धाकटी वाट बघत होती की आता ते काही बोलतील. ते म्हणाले, "चहा घे थोडा." आणि जाताना तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. त्या हाताने तिचं काळीज जास्तच खचलं. फळ्यापुढे पडलेल्या त्या बाई तिला एकदम स्पष्ट दिसल्या. आजवर ती गोष्ट सासऱ्यांची होती.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी बाही वर सरकवली. दंडावर निळसर डाग होता. "कपाटाच्या कडीला घासला असेल. मला आठवतही नाही. आणि दात घासताना सकाळी जरा लाल दिसलं. काही नाही ना गं ते?"

काही नव्हतं. असे डाग पडतात, हिरड्याही कधी लाल होतात. हॉस्पिटलात असताना असे डाग दाखवणाऱ्या शंभर जणांना तिने हसून परत पाठवलं असतं. पण हा दंड सासूबाईंचा होता आणि सकाळचं पीठ अजून डोळ्यांपुढून हलत नव्हतं. धाकटीने त्यांचा हात हातात घेतला. धीर द्यायला घेतला, असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आपली तीन बोटं त्यांच्या मनगटावर आहेत. ठोके एकापाठोपाठ एक, सारख्या अंतराने, शाळेतल्या मुलांच्या रांगेसारखे चालले होते.

"कशी आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"सरळ आहे."

"मग आज घेऊ का नको?"

पाण्याचा पेला ओट्यावर भरलेला होता. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"आज राहू द्या," धाकटी म्हणाली.

हे म्हणताना तिला जे वाटलं ते तिने पुढे पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी एकच शब्द मिळाला. सुटका. आता रक्त आलं तर ते आपल्या हातून नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा विचारलं, आणि ती म्हणाली, डाग जाऊ दे, मग बघू. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. डाग हिरवा झाला, पिवळा झाला. धाकटी रोज ठरवायची की उद्या सांगू, आणि रोज संध्याकाळी, कुणाचं लक्ष नसताना, सासूबाईंचा हात धरायची. सरळ असायची. सरळ असली की मनाला बरं वाटायचं. बाकावरची माणसं इतकी समाधानी का दिसतात, ते तिला पहिल्यांदाच आतून कळलं.

ती सकाळ अगदी साधी होती. सासऱ्यांनी नेहमीसारखा बायकोचा हात धरला, "सरळ," म्हणाले आणि खाली गेले. सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या. धाकटी खाली जायला निघाली होती. गॅलरीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, हलका, लाकडी. मग पुन्हा. कपड्यांचे चिमटे. एकामागून एक चिमटे खाली पडत होते, आणि सासूबाई बोलत नव्हत्या.

धाकटी धावली. त्या दोरीला धरून उभ्या होत्या. उजवा हात बाजूला लोंबत होता आणि डाव्या हाताने त्या तो उचलून दोरीवर ठेवू बघत होत्या, ओलं पातळ ठेवावं तसा. तोंडाची उजवी बाजू उतरली होती.

"आई!"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. ओळखलंही. काहीतरी सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि त्यातून नुसता आवाज आला, शब्द नसलेला, पण त्यांच्या नेहमीच्याच सुरातला. प्रश्न विचारल्यासारखा. आपण बोललो ते बरोबर नव्हतं हे त्यांच्याच कानांना कळलं असावं. त्या घाबरल्या. आयुष्यात पहिल्यांदा धाकटीने त्यांना घाबरलेलं पाहिलं.

गाडी लवकर मिळाली. मोठं हॉस्पिटल फार लांब नव्हतं, आणि धाकटीने वाटेतूनच फोन करून जुन्या सहकाऱ्यांना तयार ठेवलं होतं. सासरे गाडीत बायकोच्या डाव्या हाताशी बसले होते. त्यांची बोटं मनगटावर होती. आत नेल्या नेल्या हृदयाचा आलेख निघाला. तिथला तरुण डॉक्टर पट्टी बघत म्हणाला, "ठोके तर आत्ता नियमित आहेत. पण जुना त्रास आहे ना यांना? ताल सुटण्याचा?"

"आहे," धाकटी म्हणाली.

"मग रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल. शेवटची कधी घेतली? नीट आठवून सांगा. घेतली असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आम्हाला देता येणार नाही."

सासरे शेजारीच उभे होते. धाकटीने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"रोज घेत होत्या. मी घ्यायला सांगितली होती. बेकरीवाल्याला रक्त आलं त्या संध्याकाळी मी थांबवली. त्याला दहा-बारा दिवस झाले."

"कशासाठी?"

"दंडावर डाग होता."

"एवढ्यासाठी?" तरुण डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने स्वतःला सावरलं. "ठीक आहे. म्हणजे इंजेक्शन देता येईल." तो आत गेला. हे त्याने चांगली बातमी द्यावी तसं सांगितलं, आणि ती चांगली बातमी होतीच.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं लावलेली होती. धाकटी सासऱ्यांच्या बोलण्याची वाट बघत होती. त्यांनी रागवावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"मला माहीत होतं," सासरे म्हणाले.

"काय?"

"ती रोज घेते ते. पाठ वळवून पाणी प्यायची. इतक्या वर्षांचा संसार, मला कळणार नाही? पहिल्या दिवशीच कळलं."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मला बरं वाटलं. ती घेते म्हणून मला झोप लागायची. सकाळी हात धरायचो, सरळ म्हणायचो, आणि मनात म्हणायचो, पोरीनं दिलीय ना गोळी, मग झालं." त्यांचा आवाज कोरडा होता. "तू थांबवलीस ते मात्र नाही कळलं. पाणी ती तशीही प्यायची."

धाकटीला वाटलं, आपण बसलोय ते बाक खाली खाली चाललंय. तिला वाटत होतं, आपण एकटीच भ्यालो. सासरे बाकावरच्या लोकांना जे देत होते ते त्यांनी स्वतःच्या घरात चालू दिलं नव्हतं. आणि जे घरात चालू दिलं ते बाकावरच्यांना सांगितलं नव्हतं.

"मग त्या लोकांना का नाही सांगितलंत, बाबा?"

"काय सांगू? इतकी वर्षं चुकलो म्हणून? आणि त्यांच्यातला एखादा रक्त ओकून मेला तर?"

तेवढ्यात तरुण डॉक्टर बाहेर आला. इंजेक्शन दिलं होतं. गुठळी मोठी होती, थोडी हलली, पुरती हलली नाही. जिवाला आता धोका वाटत नाही, पाय पुढेमागे थोडा चालेल. हाताचं सांगता येत नाही. "बोलण्याचं मात्र," तो धाकटीकडे बघून, डॉक्टरने डॉक्टरला सांगावं तसं म्हणाला, "मेंदूची डावी बाजू आहे, शब्दांची. तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. सासऱ्यांनाही माहीत होतं. आत जाऊन दोघांनी काचेतून पाहिलं. सासूबाईंचे डोळे उघडे होते आणि त्या छताकडे बघत ओठ हलवत होत्या, अविरत, कुणी ऐकत नसताना.

सासऱ्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, नाव बघितलं आणि न उचलता धाकटीपुढे धरला. बेकरीवाला होता.

"बाई, तुम्ही? आता कळलं हो. कशा आहेत? आम्ही सगळे इथे बाकावरच बसलोय. सुचत नाही काही. सगळे विचारतायत, आज सकाळी त्यांची नाडी कशी होती?"

"सरळ होती," धाकटी म्हणाली. "ऐका. सरळच होती. तुम्ही सगळ्यांना सांगा, नाडी बघू नका. गोळी रोज घ्या. आजपासून. तुम्हीसुद्धा."

पलीकडे मागे कुजबुज झाली. "हो, पण बाई, माझ्या नाकाचं... आणि त्या तर रोजची घेत होत्या म्हणे? तुमचा गाडीवाला सांगत होता, तुम्हीच फोनवर कुणाला तरी म्हणालात."

"घेत होत्या. मग बंद केली, म्हणून हे झालं."

"बरं," बेकरीवाला म्हणाला. ते 'बरं' अगदी मऊ होतं. रडणाऱ्या माणसाशी बोलताना वापरतात तसं. "मोठ्या डॉक्टरांना जरा देता का? एकच शब्द विचारायचाय."

धाकटीने फोन सासऱ्यांना दिला. त्यांनी तो कानाला लावला. बेकरीवाल्याचा मोठा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"डॉक्टर, वाईट झालं. तुम्ही स्वतःला सांभाळा. एकच सांगा, आमच्यात आज सगळ्यांची सरळ आहे. गोळी घ्यायची का राहू द्यायची? तुम्ही म्हणाल तसं."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. धाकटी त्यांच्या ओठांकडे बघत होती. एक शब्द पुरेसा होता, आणि तो त्यांनाच म्हणायचा होता. काचेपलीकडे सासूबाईंचे ओठ हलत होते. सासरे तिकडे बघत राहिले, आणि तो शब्द काही येईना.

"डॉक्टर? ऐकताय ना?" बेकरीवाला थोडा थांबला. "बरं बरं, असू दे. तुमची मनःस्थिती नाही, समजतं मला. नेहमीसारखंच ना? राहू देतो मग. मी सांगतो सगळ्यांना."

फोन बंद झाला. धाकटीने तो सासऱ्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि बेकरीवाल्याचा नंबर परत लावला. लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला. व्यस्त. बेकरीवाला दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता, आणि त्याच्यानंतर आणखी कुणाशी.